टिकली, गोंदण आणि ट्रंकेतली पांढरी गोळी

मागच्या आठवड्यातला कार्यक्रम संपला आणि केंद्रावरचा फोन वाजला. पलीकडे एक बाळंतीण होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ 18 दिवसांचं. तिच्या आईनं जुनी ट्रंक उघडून थोरल्या नातवाची दुपटी, झबली, टोपडी बाहेर काढली होती. सगळं कसं घडी घालून जपून ठेवलेलं, आणि प्रत्येक घडीत डांबरगोळी. खोलीभर वास. तिनं विचारलं, "ताई, हा वास बाळाला बाधतो का?" आणि मग जरा आवाज उतरवून, बहुधा आई ऐकत असावी म्हणून, "आणि आईच्या दुधात डीडीटी असतं असं मोबाइलवर आलंय. मग मी पाजू की नको?"

दोन्ही उत्तरं आम्ही तिला तिथल्या तिथे दिली. ते कपडे धुऊन, उन्हात वाळवून, वास अगदी नाहीसा होईपर्यंत बाळाला घालू नकोस. आणि पाजणं एक वेळसुद्धा थांबवू नकोस. पण फोन ठेवल्यावर आमच्यातच बोलणं सुरू झालं. तिनं विचारलेले दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण पांढरी गोळी आणि डीडीटी ही एकाच गोत्रातली असू शकतात. ते गोत्र कोणतं, ते आपल्या घरात कुठे कुठे येऊन बसलंय आणि त्यातलं कशाला भ्यायचं, कशाला नाही, हे आज सांगायचं ठरवलं. थोडं रसायनशास्त्र येईल. बारावीला विज्ञान घेतलेल्या मुली घरात असतील तर त्यांनाही रेडिओजवळ बसवा, कारण त्यांच्या पुस्तकातला एक धडा आज आपण स्वयंपाकघरात आणणार आहोत.

आधी गोळीपासून सुरुवात करू. आपण सरसकट 'डांबरगोळी' म्हणतो, पण बाजारात त्या नावाखाली दोन निरनिराळे पदार्थ मिळतात. एक नॅफ्थॅलीन. दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबरातून तो मिळायचा, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. दुसरा पॅराडायक्लोरोबेंझिन. नाव लांबलचक आहे खरं, पण फोडून बघितलं की सोपं होतं. 'डाय' म्हणजे दोन, 'क्लोरो' म्हणजे क्लोरीन, आणि 'पॅरा' म्हणजे समोरासमोर. बेंझिनच्या कड्यावर समोरासमोर बसलेले दोन क्लोरीन. बसस्थानकाच्या, कचेरीच्या मुतारीत रंगीत वड्या पडलेल्या असतात, त्या बहुधा याच्याच. दोन्ही पांढरे, दोन्ही उग्र वासाचे, दोन्ही कापरासारखे हवेत उडून जातात. पुडीवर नेहमी नीट लिहिलेलं असतंच असं नाही.

मग ओळखायचं कसं? आम्ही केंद्रावर करून बघितलं. टाकून देता येईल असा एक पेला घ्या. त्यात अर्धा पेला पाणी, आणि विरघळेल तेवढं मीठ घालत जा, तळाशी थोडं उरेपर्यंत. आता गोळी सोडा. नॅफ्थॅलीन या खारट पाण्यावर तरंगतं. पॅराडायक्लोरोबेंझिन जड आहे, ते सरळ तळाला जातं. त्याचं जडपण मुख्यतः त्या दोन क्लोरीनचं. आम्ही दोन दुकानांतून दोन पुड्या आणल्या होत्या. एक गोळी तरंगली, एक बुडाली, आणि दोन्ही दुकानदारांनी दिल्या होत्या 'डांबरगोळ्या'च. गोळीला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर ती उगीच तरंगते, तेव्हा काडीनं एकदा ढकलून बघा. नंतर हात धुवा, आणि मुलांना हा प्रयोग एकट्यानं करू देऊ नका. पांढरी गोळी त्यांना पेपरमिंटसारखी दिसते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आम्हाला जास्त धास्ती आहे ती तरंगणाऱ्या गोळीची, म्हणजे नॅफ्थॅलीनची. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक एन्झाइम कमी असतं, जी-सिक्स-पीडी नावाचं. आपल्या देशात अशी मुलं दुर्मीळ नाहीत. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थॅलीनची वाफ गेली, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि जोराची कावीळ होते. घरच्यांना वाटतं, नवजात बाळाला असते तशी कावीळ असेल, जाईल. म्हणून सांगतो, बाळ पिवळं दिसलं, मलूल झालं, लघवी गडद झाली, तर दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना कपड्यांतल्या गोळ्यांचंही सांगा. हे त्यांना आपण होऊन कुणी सांगत नाही.

आता ती बुडालेली गोळी. इथून आपला खरा विषय सुरू होतो.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. या चार भावंडांना हॅलोजन म्हणतात. आणि बेंझिन म्हणजे कार्बनच्या सहा अणूंचं कडं. हे कडं असलेल्या संयुगांना 'अरोमॅटिक' म्हणजे सुवासिक असं नाव पडलं, कारण सुरुवातीला सापडलेली कित्येक अशी संयुगं सुगंधी तेलांतली होती. मुतारीतल्या वडीला सुवासिक म्हणावं लागतं, हा रसायनशास्त्राचा विनोद.

बेंझिनचं कडं डोळ्यांपुढे आणायचं असेल तर मंगळागौरीचा फेर आठवा. सहा जणी हात धरून गोल उभ्या आहेत. प्रत्येकीचे दोन हात शेजारणींच्या हातात, आणि प्रत्येकीचा पदर बाहेरच्या कुणीतरी धरलेला. साधारणपणे तो धरणारा असतो हायड्रोजन. त्याला काढून तिथे क्लोरीन बसवला की झालं क्लोरोबेंझिन. समोरासमोर दोन बसवले की झाली आपली बुडणारी गोळी.

क्लोरीन कार्बनवर आणखी एका प्रकारे बसू शकतो. कडं नसलेल्या, सरळ साखळीच्या कार्बनवर. तिथला क्लोरीन टिकलीसारखा असतो. कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून ऊन केलं की तो सुटतो आणि त्याच्या जागी दुसरा कुणी येऊन बसतो. कड्यावर बसलेला क्लोरीन मात्र गोंदणासारखा. घासा, धुवा, उकळा, जात नाही.

असं का व्हावं? क्लोरीन तोच, कार्बन तोच. फरक आहे फेराचा. साखळीवरच्या क्लोरीनला हटवायला येणारा अणू मागच्या बाजूनं येतो आणि समोरून क्लोरीनला बाहेर ढकलतो. फेरात मात्र मागची बाजू म्हणजे फेराचं आतलं रिंगण. तिथून यायला वाटच नाही. दुसरं कारण जास्त नाजूक आहे. बेंझिनच्या कड्यात काही इलेक्ट्रॉन कुणा एकीचे नसतात, सहाही जणींत मिळून फिरत असतात. क्लोरीनजवळ स्वतःचे थोडे जादा इलेक्ट्रॉन असतात, आणि तो ते या सामाईक फेऱ्यात जरासे आत सोडतो. देण्याघेण्याचा संबंध जुळला की बंध घट्ट होतो, तसंच इथे. क्लोरीन आणि कार्बन यांच्यातला दुवा आखूड होतो, बळकट होतो. साधा एका हाताचा दुवा राहत नाही, दीड हाताचा म्हणा.

किती बळकट? क्लोरोबेंझिनवरचा क्लोरीन काढून फिनॉल बनवायचा कारखान्यातला एक जुना मार्ग होता. त्याला कॉस्टिक सोड्याबरोबर तापमान लागायचं 350 अंशांच्या आसपास आणि दाब हवेच्या सुमारे 300 पट. आपला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण 120 अंश असतात आणि दाब हवेच्या दुप्पट. म्हणजे गोंदण काढायला भट्टीच लागते.

पण एक युक्ती आहे, आणि ती आम्हाला फार आवडली. कड्यावर क्लोरीनच्या समोर किंवा शेजारी नायट्रो नावाचा गट बसवला, तर तो कड्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. कडं रितं होतं, भुकेलं होतं. मग बाहेरून येणारा अणू मागून ढकलत बसत नाही. तो क्लोरीनच्या कार्बनवर क्लोरीनच्या शेजारीच येऊन बसतो, जागा दाटीची होते आणि क्लोरीन उठून जातो. एसटीत चौथी सीट घेतात ना, तसं. असा एक नायट्रो असला की 170 अंशांना काम भागतं. दोन असले की 95 अंशांना, म्हणजे पाणी उकळायच्याही आत. तीन असले तर नुसत्या कोमट पाण्यानं क्लोरीन निघतो. बारावीच्या मुलींनो, तुमच्या पुस्तकात हे तीन बाणांत दिलेलं असतं आणि तुम्ही पाठ करता. बाणाच्या डोक्यावर लिहिलेली तापमानं एकाखाली एक वाचा, सगळी गोष्ट त्यातच आहे.

ही युक्ती नुसती परीक्षेची नाही. तुमच्या डब्यात तापाची पॅरासिटामॉलची गोळी असेल. ती बनवण्याचा एक मोठा मार्ग पॅरानायट्रोक्लोरोबेंझिनपासून सुरू होतो. नायट्रोच्या मदतीनं क्लोरीन काढायचा, त्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवायची, मग नायट्रोचंच रूप बदलून त्याला ॲसिटिक गट जोडायचा. शेवटी हातात येते त्या गोळीत क्लोरीन औषधालाही उरत नाही. साडीच्या कित्येक रंगांचा जन्मही अशाच क्लोरीन-नायट्रो संयुगांपासून होतो. जखम धुताना पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं डेटॉल घ्या. त्यातला जंतुनाशक क्लोरोझायलेनॉल म्हणजे कड्यावर क्लोरीन असलेलाच पदार्थ. तेव्हा क्लोरीन आणि कडं हे नाव ऐकलं की लगेच विष म्हणायचं, असं नाही.

आता डीडीटी. हे नीट ऐका, कारण टिकली आणि गोंदण दोन्ही त्यात एकाच वेळी आहेत. क्लोरोबेंझिनची दोन कडी घ्यायची आणि क्लोरल नावाच्या पदार्थाबरोबर गंधकाम्लात जोडायची. जोड होते ती मुख्यतः क्लोरीनच्या बरोबर समोरच्या जागी, कारण कड्यावर बसलेला क्लोरीन नव्या पाहुण्याला समोर किंवा शेजारी बसवतो, आणि एवढा मोठा पाहुणा शेजारी मावत नाही. तयार होतं ते डीडीटी. त्यात क्लोरीन एकूण पाच. दोन कड्यांवर गोंदलेले, तीन मधल्या साखळीवर टिकलीसारखे.

हा पदार्थ पहिल्यांदा बनला 1874 च्या सुमारास, आणि पुढची साठेक वर्षं त्याचा कुणाला उपयोग कळला नाही. 1939 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्यूलर यांच्या लक्षात आलं की यानं कीटक मरतात. 1948 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे स्वातंत्र्य मिळालं त्या काळात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसं मरत, असा सरकारी अंदाज आहे. 1953 मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरोघर भिंतींवर डीडीटी फवारलं गेलं आणि 1965 च्या सुमाराला रुग्णांचा आकडा एक लाखाच्या आसपास आला. आमच्यातल्या थोरल्यांना ते फवारणीवाले आठवतात. बादलीतला पंप, हातात नळी. पाण्याचे हंडे, पिठाचे डबे अंगणात काढायचे. फवारणी वाळली की मातीच्या भिंतीवर पांढरे डाग. दिवाळी आली की बायका भिंती सारवून घेत आणि डीडीटी शेणामातीखाली गडप होई. मग साहेब लोक चिडायचे. सारवलं नाही तर घर कसं दिसेल, हे त्यांना कोण सांगणार!

डीडीटीचा गुण होता त्याची चिकाटी. एकदा फवारलं की सहा महिने भिंतीवर टिकायचं, रक्त पिऊन भिंतीवर टेकलेला डास मरायचा. आणि दोष होता तोही तीच चिकाटी. शेतात टाकलेलं, ओढ्यात वाहून गेलेलं डीडीटी मातीत पडलं, प्राण्यांच्या पोटात गेलं, तेव्हा त्याचं काय झालं? साखळीवरची एक टिकली निघाली, एक हायड्रोजन सोबत गेला, आणि डीडीई नावाचा पदार्थ उरला. बस्स, गाडी तिथेच थांबली. कड्यांवरचे दोन्ही क्लोरीन जिथल्या तिथे. गंमत बघा, डीडीटीला न जुमानणाऱ्या माश्या आल्या तेव्हा त्यांनीही हेच केलं होतं. त्यांच्या अंगात टिकली काढणारं एन्झाइम जोरात चालत होतं. डीडीई माशीला मारत नाही, त्यामुळे माशीचं भागलं. आपलं भागत नाही.

आपलं यकृत नको असलेला पदार्थ बाहेर टाकतं ते त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करून. त्यासाठी ते कड्यावर ऑक्सिजन बसवतं. आपली बुडणारी गोळी श्वासातून आत गेली तर यकृत तिच्यावर हीच क्रिया करतं आणि काही दिवसांत ती लघवीवाटे जाते. पण जाताना बघा, दोन्ही क्लोरीन कड्यावर तसेच असतात. त्यांना हात न लावता शेजारी ऑक्सिजन बसलेला असतो. गोंदण पुसता येत नाही म्हणून त्यावर बाही ओढायची, तसा प्रकार. अति वाफ मात्र यकृतालाही सोसत नाही, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे हा पदार्थ कर्करोगकारक असण्याच्या शक्यतेच्या यादीत आहे. नॅफ्थॅलीनही त्याच यादीत आहे. डीडीईच्या कड्यांवर मात्र समोरची मोक्याची जागा क्लोरीननं अडवलेली, आणि पदार्थ तेलकट. मग तो चरबीत जाऊन बसतो. निम्मा कमी व्हायला वर्षं लागतात. आणि दूध बनतं तेव्हा अंगातली चरबी दुधात उतरते, तिच्याबरोबर तोही थोडा उतरतो.

म्हणजे मोबाइलवर आलेलं अगदीच खोटं नव्हतं. आईच्या दुधात डीडीटीचे अंश सापडतात. आपल्याकडेच नाही, जगभर सापडलेत. पण त्या निरोपात जे लिहिलं नव्हतं ते आम्ही सांगतो. बाळ पोटात असतानाही हे अंश त्याला नाळेतून मिळालेलेच असतात. वरचं दूध दिलं म्हणजे ते टळतं असं नाही, कारण गाई-म्हशीही त्याच मातीतला चारा खातात. आपल्या देशात 1989 मध्ये शेतीतला डीडीटीचा वापर बंद झाला, 2001 मध्ये स्टॉकहोमला अशा चिवट रसायनांवर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतानं तो 2006 मध्ये मान्य केला. जिथे जिथे वापर थांबला तिथे दुधातलं प्रमाण दशकागणिक उतरत गेलं आहे. हे सगळं माहीत असूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्या. जुलाब, न्यूमोनिया यांपासून ते दूध बाळाला वाचवतं आणि हा फायदा त्या अंशांच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. बाटलीचं तोंड, पाणी, पावडर यातून होणारा जुलाब हा आठवडाभरात बाळ नेऊ शकतो. आमच्या मते तरी असा अर्धा निरोप पुढे पाठवणाऱ्यानं आधी एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर बसून बघावं.

इथे एक प्रश्न येतो. कड्यावरचा हॅलोजन काढायची ताकद आपल्या शरीरात मुळीच नाही का? आहे. फक्त एकाच भावंडापुरती. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते ते काय आहे, ठाऊक आहे? दोन बेंझिनची कडी आणि त्यांवर आयोडीनचे चार अणू. म्हणजे हॅलोजन बसवलेलं अरोमॅटिक संयुग तुमच्याआमच्या गळ्यात रोज तयार होतं! त्यासाठीच मिठात आयोडीन घालतात. कायद्यानं घरात येणाऱ्या मिठात ते दहा लाख भागांत निदान 15 भाग असावं लागतं. थायरॉक्सिन हा तसा राखून ठेवलेला माल. पेशीत गेल्यावर त्यातला बाहेरच्या कड्यावरचा एक आयोडीन काढला जातो, चाराचे तीन होतात, आणि मग त्याचं खरं काम सुरू होतं. तो आयोडीन काढणारी एन्झाइमं सेलेनियम नावाच्या मूलद्रव्याच्या जोरावर चालतात. चारही भावंडांत कार्बनशी आयोडीनचा दुवा सगळ्यांत सैल, फ्लोरीनचा सगळ्यांत घट्ट. शरीरानं आपल्या कामासाठी सैल दुवा निवडला आणि तो सोडवायची किल्लीही घडवली. कड्यावरच्या क्लोरीनसाठी अशी किल्ली आपल्याकडे नाही. त्याची गरजच कधी पडली नव्हती, गेल्या शे-सव्वाशे वर्षांपर्यंत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी सकाळी थायरॉइडची गोळी घेतात. तीच ही चार आयोडीनची. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा नंतर. आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, निदान चार तासांचं अंतर ठेवा. नाहीतर गोळी पोटात जाते पण अंगी लागत नाही, आणि रिपोर्टमधला आकडा जागचा हलत नाही.

आता चुलीकडे येऊ. हे आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय, कारण हे आपल्या हातात आहे. पावसाळ्यात लाकडं ओली असतात, पेट घेत नाहीत, मग आपण प्लास्टिकची पिशवी नाहीतर तुटक्या चपलेचा तुकडा खाली सारतो. प्लास्टिक सगळी सारखी नसतात. त्यातलं पीव्हीसी, म्हणजे पाइप, रेक्झिन, विजेच्या वायरीचं वेष्टण, यात क्लोरीन भरपूर असतो. तो साखळीवरचा असतो, टिकलीसारखा, आगीत लगेच सुटतो. पण धूर निवताना, साधारण 200 ते 400 अंशांच्या दरम्यान, तो काजळीतल्या कड्यांवर जाऊन बसतो आणि गोंदण होऊन जातो. त्यातून डायॉक्सिन नावाची संयुगं तयार होतात. त्यातलं सगळ्यांत जहरी डायॉक्सिन माणसाच्या अंगातून निम्मं कमी व्हायला 7 ते 11 वर्षं घेतं. 1976 मध्ये इटलीतल्या सेवेसो गावाजवळच्या कारखान्यातून त्याचा ढग बाहेर पडला होता. जनावरं पटापट मेली, आणि मुलांच्या चेहऱ्यावर मुरुमासारखे फोड आले ते कित्येक महिने गेले नाहीत.

तांबं असलं की ही क्रिया आणखी जोरात होते. म्हणून भंगारातली वायर जाळून तांबं काढणं हा प्रकार सगळ्यांत वाईट. त्या जाळाला हिरवी झाक येते, बघितलीय? शाळेच्या प्रयोगशाळेत तांब्याची तार तापवून पदार्थात बुडवतात आणि परत ज्योतीत धरतात. ज्योत हिरवी झाली की पदार्थात क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन आहे असं समजायचं. तोच हा रंग. गावाबाहेर वायर जळत असेल तर पोरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. आणि ज्या घराचं पोट त्या तांब्यावर चालतं त्यांना नुसतं 'जाळू नका' म्हणून भागत नाही, हे आम्हाला कळतं. सोलायची साधी चिमटी मिळते, वेळ जास्त लागतो, पण सोललेलं तांबं जळकं नसतं आणि भावही बरा येतो. बचत गटातर्फे एखादं सोलायचं यंत्र घेता आलं तर आम्हाला जरूर कळवा, त्यावर एक स्वतंत्र कार्यक्रम करू.

राहिली ट्रंक. फोनवरच्या त्या मुलीच्या आईला पैठणीची काळजी होती. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तरंगणारी आणि बुडणारी गोळी एकाच ट्रंकेत कधी ठेवू नका, कापराबरोबरही नको. एकत्र आल्या की दोन्ही लवकर वितळतात, पाणी होतं आणि साडीवर डाग पडतात, ते जात नाहीत. आणि बुडणारी गोळी प्लास्टिकच्या पिशवीला, बटणांना खाते. रेशमी आणि लोकरी कपडा ठेवण्याआधी स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, सुती फडक्यात गुंडाळा, कारण कसर आधी धरते ती घामाच्या आणि खरकट्याच्या डागांना. वर्षातून दोनदा घड्या मोडून वारा द्या. कडुलिंबाचा पाला, वेखंड घालायची पद्धत आहे ती चालू ठेवा. त्यानं कसर मरेलच असं नाही, पण त्या निमित्तानं ट्रंक उघडली तर जाते.

आणि सुती कपड्यांचं म्हणाल, तर ही कसर खाते लोकर आणि रेशीम, कारण तिला लागतात ती प्राण्यांच्या अंगची तंतुद्रव्यं. सुताला ती तोंड लावत नाही. थोरल्या नातवाच्या त्या मलमली झबल्यांत गोळ्या घालायची मुळात गरजच नव्हती. आम्ही हे त्या आजींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण माझ्या सासूबाई घालायच्या!" झबली आता दोनदा धुऊन अंगणातल्या दोरीवर आहेत.